पिरान्हाला खायला काय घालता?

या महिन्याच्या टपालात एका भगिनीचं पत्र आहे. नववीतला मुलगा पिरान्हा पाळायचा हट्ट धरून बसलाय. मित्राच्या मोबाइलवर त्याने व्हिडिओ पाहिला, टाकीत गोल्डफिश सोडला आणि अर्ध्या मिनिटात पाण्यात फक्त खवले उरले. भगिनींनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हा मासा घरात ठेवणं जमेल का? आणि एका जिवाला दुसऱ्याच्या तोंडी असं घालणं गुनाह तर नाही?

दुसऱ्या प्रश्नाचा फतवा आम्ही देणार नाही, आम्ही मुफ्ती नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारा. पण हे दोन्ही प्रश्न आमच्याच घरात चार वर्षांपूर्वी उभे राहिले होते. आमच्याकडे पिरान्हा होते, अजून आहेत. तेव्हा जे केलं, जे चुकलं, ते सांगतो.

आमचा थोरला तेव्हा अकरावीत होता. एका संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत पाच मासे घेऊन आला. दहाच्या नाण्याएवढे, चंदेरी, अंगावर काळे ठिपके, पोटाकडे जरासा लालसरपणा. दादी म्हणाल्या, "किती गोड आहेत रे!" त्याने नाव सांगितलं आणि दादींनी पदर सावरत खुर्ची मागे घेतली. घरात गोल्डफिशची दोन फुटांची रिकामी टाकी होती, तीत मासे सोडले. आम्हाला वाटलं, झालं काम.

हा लाल पोटाचा पिरान्हा. शास्त्रीय नाव पायगोसेंट्रस नॅटेरेरी. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनचा आणि तिथल्या इतर नद्यांचा. त्याची बदनामी जुनी आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलात फिरून आले आणि आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी या माशाला जगातला सगळ्यात हिंस्र मासा ठरवून टाकलं. पुढे १९७८ मध्ये हॉलिवूडने त्याच्या नावाचा सिनेमा काढला. त्यानंतर या माशाला चांगलं म्हणणारा कोण मिळणार?

आमच्या टाकीतले पाच जण मात्र भित्रे निघाले. दिवा लावला की कोपऱ्यात. मिक्सर लावला की कोपऱ्यात. धाकटी धावत खोलीत आली की एक जण चक्क आडवा होऊन तळाशी पडायचा, आम्हाला वाटायचं मेला. पुढे वाचनात आलं की हा त्यांचा स्वभावच आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या अॅन मॅगुरन आणि ब्राझीलचे हेल्डर केइरोज यांनी अॅमेझॉनच्या पाण्यात यांचा अभ्यास केला. पिरान्हा थव्याने राहतात ते एकजुटीने शिकार करण्यासाठी नव्हे, तर स्वतःचा जीव वाचवण्यासाठी, असं त्यांना दिसलं. नदीतले डॉल्फिन, केमन मगरी आणि मोठे मासे त्यांना खातात. रानात ते छोटे मासे खातात, दुसऱ्या माशांच्या परांचे लचके तोडतात, मेलेलं जनावर साफ करतात, किडे, बिया आणि पाणवनस्पतीही खातात. म्हणजे मिळेल ते खाणारा मासा. ब्राझीलमध्ये लोक त्याला गळाने पकडून त्याचं सूप करतात. हे ऐकल्यावर दादींची भीती जरा कमी झाली. कोकणातल्या बाईला जो मासा खाता येतो त्याची फार काळ भीती वाटत नाही.

पण दात दातच आहेत. त्रिकोणी, पात्यासारखे, वरचे खालच्यांत बसणारे. हे दात पडतात तेही सुटे सुटे नाही, जबड्याच्या एका बाजूचे एकदम, आणि त्यांच्या जागी खाली नवे तयार असतात. आमच्या जाळीला त्यांनी भोक पाडलं, एअर पंपाची नळी कुरतडली. म्हणून टाकीत हात घालायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी करा. चावे बहुतेक तेव्हाच बसतात जेव्हा माणूस माशाला पाण्याबाहेर काढतो किंवा हाताळतो. खाऊ घालायला लांब चिमटा घ्या. झाकण जड असू द्या. हीटर असेल तर त्यावर जाळीचं आवरण हवं आणि तारा बाहेरून गेलेल्या हव्यात. घरात लहान मूल असेल तर टाकीजवळ स्टूल ठेवू नका. आमच्या धाकटीने एकदा ठेवलं होतं.

दोन महिन्यांनी एका सकाळी पाचाचे चार झाले. टाकीच्या तळाशी थोडे खवले होते, बस्स. मुलगा रडवेला झाला. चूक आमची होती. मासे झपाट्याने वाढत होते आणि टाकी गोल्डफिशचीच होती. जागा कमी पडली, पोट अर्धं राहिलं की ते एकमेकांनाच चावतात, त्यातून लहान असलेला जातो. हे मासे वर्षभरात तळहाताएवढे होतात आणि पुढे फूटभराच्या आसपास जातात. एका माशामागे शंभरेक लिटर पाणी धरा. म्हणजे चार मासे ठेवायचे तर पाच फुटांची, चारशे लिटरची टाकी. चारशे लिटर म्हणजे चारशे किलो पाणी, वर काच, वाळू आणि लोखंडी स्टँड. चौथ्या मजल्यावरच्या जुन्या इमारतीत हे वजन कुठे ठेवणार, याचा विचार मासा घेण्याआधी करायचा असतो. आम्ही नंतर केला आणि चार फुटांची टाकी भिंतीला लागून, बीमच्या वर ठेवली. पैसे थोरल्याच्या सायकलसाठी साठवलेले होते.

आता जेवणाकडे येतो, कारण घोळ तिथेच झाला.

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मामूंची मुलं, चाचांची मुलं, सगळे टाकीभोवती. थोरला आणि त्याचा मावसभाऊ जाऊन सहा गोल्डफिश घेऊन आले. मोबाइल लावले गेले. पहिला गोल्डफिश सोडला, काही झालं नाही. आमचे चौघे घाबरून कोपऱ्यात. मुलं काचेवर टकटक करू लागली. मग एकाने पुढे येऊन गोल्डफिशची शेपटी तोडली आणि परत कोपऱ्यात गेला. व्हिडिओत दिसतं तसं अर्ध्या मिनिटात काही संपलं नाही. तो शेपटी नसलेला मासा तोंड वर करून फिरत राहिला. मुलं हसत होती. चाचांची पाच वर्षांची मुलगी ओरडली, "त्याला बाहेर काढा ना!" आणि रडायला लागली.

दादी आतून आल्या. त्यांनी काही विचारलं नाही, टाकीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "भूक लागली असेल तर घास द्या. तमाशा कशाला?" मोबाइल खाली गेले. उरलेले पाच गोल्डफिश बादलीत ठेवले.

त्या रात्री आम्ही दोघं यावर बराच वेळ बोललो. पाळीव जीव ठेवण्याला मनाई नाही, हे आपल्याला अबू उमैर या लहान मुलाच्या प्रसंगातून माहीत आहे. त्याच्याकडे एक छोटा पक्षी होता आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्याला त्या पक्ष्याबद्दल मायेने विचारायचे. तो पक्षी मेला तेव्हा मुलाची समजूतही त्यांनी काढली. पण दुसरीकडे त्या बाईची हदीस आहे जिने मांजर बांधून ठेवलं, स्वतः खायला दिलं नाही आणि त्याला मोकळंही सोडलं नाही. दोन्ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहेत. जनावरांना एकमेकांवर सोडून झुंजवण्याची मनाईही अबू दाऊद आणि तिर्मिझी यांनी नोंदवली आहे. पिरान्हा गोल्डफिश खातो यात पिरान्हाचा दोष नाही, अल्लाहने त्याला तसंच घडवलंय. नदीत तो शिकार करेल. पण आमच्या हॉलमध्ये ती शिकार नव्हती. पळायला जागा नसलेला एक मासा होता आणि बघायला आम्ही होतो.

आणि गरज? गरज तर मुळीच नव्हती. हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं.

आठ दिवसांत आमच्या माशांच्या अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके आले. ते दगडावर अंग घासू लागले, खाणं बंद. हा एका परजीवीचा आजार आहे. बाजारातल्या गर्दीच्या टाक्यांमधून स्वस्तात मिळणारे मासे तो सोबत घेऊन येतात. पाण्याचं तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेलं, औषध घातलं, रोज थोडं पाणी बदललं. तरी दोन गेले. उरले दोन. दहा रुपयांच्या तमाशाची ही किंमत.

आजार नसता तरी गोल्डफिश हे वाईटच अन्न. त्याच्या अंगात थायमिनेज नावाचा घटक असतो, तो खाणाऱ्याच्या शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. रोज गोल्डफिश खाणारा पिरान्हा दिसायला धष्टपुष्ट पण आतून कमजोर होतो. मेलेल्या माशाचा तुकडा तो खात नाही, हीसुद्धा दुकानदारांची गोष्ट. आमचे दोघे आजारातून उठले आणि पहिल्याच दिवशी सोललेल्या कोळंबीवर तुटून पडले.

आमच्याकडे आता कोळंबी असते, कधी रोहू किंवा चिलापीचा बिनकाट्याचा तुकडा, कधी रावसाची कड, आणि मांसाहारी माशांसाठी मिळणाऱ्या मोठ्या गोळ्या. रोज एकच पदार्थ देऊ नका, आलटून पालटून द्या. बाजारातून आणलेलं धुवून, छोटे भाग करून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि घालण्याआधी साध्या पाण्यात सोडून मऊ करतो. बांगडा, तारली तेलकट, पाण्यावर तवंग येतो. बोंबील विरघळून जातो. बाकी कोळंबी वेगळ्या डब्यात ठेवा, हे आवर्जून सांगतो, कारण आमच्याकडे एकदा हळद-मीठ-आलं-लसूण लावून ठेवलेली कोळंबी टाकीत गेली आणि साधी कोळंबी तव्यावर. चूक कुणाची यावर अजून एकमत नाही. सगळं पाणी मात्र रात्री अकरा वाजता बदलावं लागलं.

किती द्यायचं? पाच मिनिटांत संपेल इतकंच. पिल्लांना रोज, वाढलेल्या माशांना एक दिवसाआड पुरतं. उरलेला तुकडा लगेच चिमट्याने काढा. हे मासे पहाटे आणि संध्याकाळी जास्त हालचाल करतात, म्हणून आम्ही मगरिबनंतर दिवा मंद करून खाऊ घालतो. रमजानमध्ये थोरला म्हणायचा, यांची सहरी-इफ्तार आपल्याबरोबरच आहे.

बकरी ईदला दुसरी चूक झाली. कुर्बानीच्या गोश्तमधले काळजाचे, चरबीचे तुकडे मुलांनी प्रेमाने टाकीत घातले. सगळ्यांना हिस्सा, मग यांना का नको? भावना चांगली, पण बकऱ्याची चरबी माशाला पचत नाही. ती पाण्यात सुटते. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ, घरात वास. मासे वरच्या बाजूला येऊन धापा टाकत होते. मटण-बीफ टाकीपासून दूरच ठेवा.

पाण्याचं गणित एकदा समजून घेतलं तर निम्मे त्रास वाचतात. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. फिल्टरमध्ये वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच कमी घातक. हे जिवाणू तयार व्हायला नव्या टाकीत महिना-दीड महिना लागतो. म्हणून आज टाकी, आज मासे, हे करू नका. पिरान्हा मांस खातो आणि पुष्कळ घाण करतो, म्हणून फिल्टर टाकीच्या मापापेक्षा मोठा लागतो. त्याचा स्पंज नळाखाली धुतला तर नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. आठवड्याला पाव भाग पाणी बदला आणि नवं पाणी आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवा. पाण्याचं तापमान २४ ते २८ अंश हवं. मुंबईत, कोकणात हीटरची गरज क्वचित पडते. नाशिक-पुण्याच्या थंडीत लागेल. आणि वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेतल्याशिवाय हा शौक करू नये.

मध्येच एक गंमत. आमची हकिकत ऐकून खालाने कोल्हापुरातून फोटो पाठवला. "आमचा पिरान्हा चपाती खातो, आजारी आहे का?" फोटोत वीतभर मासा, पोट लाल, पण खालचा जबडा पुढे आलेला नाही. तोंड उघडल्याचा फोटो मागवला. आत दात माणसाच्या दाढांसारखे, चौकोनी. तो पिरान्हा नव्हताच, पाकू होता. मासळी बाजारात आपण ज्याला रूपचंद म्हणतो तोच. पिरान्हाचाच नातलग, पण मुख्यतः फळं-बिया खाणारा. लहानपणी दोघं इतके सारखे दिसतात की दुकानात रूपचंदाचं पिल्लू सर्रास पिरान्हा म्हणून विकलं जातं. खालाला आनंद झाला. तो आनंद आम्ही टिकू दिला नाही, कारण रूपचंद दोन फुटांच्याही पुढे वाढतो. त्याला घरातली कुठलीच टाकी पुरत नाही.

तेव्हा भगिनी, मुलाला दुकानात पाठवाल तर सोबत जा. परदेशी शोभिवंत मासे आयात करायला केंद्र सरकारने जातींची यादी ठरवून दिली आहे आणि विलगीकरणाचे नियम आहेत. आम्ही तेव्हा यातलं काही विचारलं नाही, ही आमची पहिली चूक. बिलावर माशाच्या जातीचं नाव लिहून मागा. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर रिकाम्या हाताने परत या.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. बारावी झाली, थोरला शिकायला बाहेरगावी गेला. दोन मासे आणि चार फुटांची टाकी आमच्या गळ्यात. एका भल्या गृहस्थांनी सल्ला दिला, "तळ्यात सोडून द्या, सुटका होईल, सवाबही मिळेल." ऐकायला किती छान वाटतं! पण त्यांच्या मुलखासारखंच आपल्याकडचं पाणी उबदार असतं, तिथे हे मासे तगू शकतात. मग तळ्यातल्या मरळ, कटल्याच्या पिल्लांचं काय? भोयांच्या, कोळ्यांच्या जाळ्यांचं काय? चिलापी हा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आज उजनीसारख्या धरणात तो घरच्यासारखा राहतो. केरळात २०१८ च्या पुरात तळ्यांतले, शेततळ्यांतले परदेशी मासे नद्यांत वाहून गेले. तो पूर होता, माणसाच्या हातात नव्हता. बादली घेऊन तळ्यावर जाणं आपल्या हातात असतं. एका जिवाला सोडून शंभरांचं जगणं धोक्यात घालायचं, याला सवाब कसं म्हणणार? मासा नकोसा झाला तर दुसरा पाळणारा शोधा, दुकानात परत द्या, काहीच नाही जमलं तर शेवटपर्यंत सांभाळा. हे मासे दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतात. मुलाच्या हट्टाला हो म्हणण्याआधी हा आकडा त्याला सांगा आणि मग विचारा की दहा वर्षांनी तू कुठे असशील. आम्ही थोरल्याला हे विचारलं नव्हतं.

आमचे दोघे आहेत. एकाच्या पोटाचा लाल रंग आता काळपट होत चाललाय, वयाने होतं म्हणतात. कधीकधी रात्री टाकीजवळ शांत बसलं तर बारीक गुरगुर ऐकू येते. आधी आम्हाला पंपाचा आवाज वाटायचा. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पाण्यात माइक सोडून दाखवून दिलं की हे मासे भांडताना तीन प्रकारचे आवाज काढतात. आमचे दोघे बहुधा कोळंबीवरून भांडतात.

चाचांची ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सुट्टीत आली की मगरिबची नमाज झाल्यावर चिमटा तीच मागते. हात झाकणाच्या वर ठेवून, एक एक कोळंबी, दोघांना सारखी. दादी खुर्चीवरून मोजतात. परवा तिसरी कोळंबी पडली तेव्हा त्यांनी थांबवलं, "बस्स, पोट फुटेल त्यांचं." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्या दुसऱ्याला अर्धी दे, त्याला कमी मिळाली."